क्रेडिट तासांचं द्यायचं की देशाचं?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इटलीतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावी जावं, तर ग्रंथालयाच्या दारावर बदललेल्या वेळांचा कागद चिकटवलेला असतो, कँटीनचं शटर खाली असतं आणि विभागाच्या मजल्यावर चिटपाखरू नसतं. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी. तिच्या आगेमागे निम्मं गाव समुद्रावर नाहीतर डोंगरात गेलेलं असतं. अशा दिवसांत त्या रिकाम्या आवारात परदेशी मुलांचा एखादा गट स्थानिक समाज आणि संस्कृती या विषयाचा तीन क्रेडिटचा कोर्स करत बसलेला असतो. शिकवणारे प्राध्यापक त्यांच्याच कॉलेजचे, शेजारच्या बाकावरची मुलंही त्यांच्याच कॉलेजची. त्या समाजातला माणूस त्यांना भेटतो तो बहुतेक वेळा काउंटरच्या पलीकडे उभा असलेला.

चार ते आठ आठवड्यांच्या अशा उन्हाळी परदेशी अभ्यासक्रमांना पदवीत धरलं जाणारं क्रेडिट द्यावं का, आणि त्यासाठी सरकारी किंवा विद्यापीठाच्या तिजोरीतून शिष्यवृत्त्या द्याव्यात का, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते, ही सहल आहे, तिला गुणपत्रिकेत जागा नको. दुसरी म्हणते, परदेश पाहणं हेच शिक्षण. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. क्रेडिट जरूर द्यावं, पण ते तिथे घातलेल्या तासांचं आणि केलेल्या कामाचं. नुसता देश बदलला म्हणून नव्हे. हा निकष लावला की आज चालणाऱ्या कार्यक्रमांपैकी काही उत्तम ठरतात, आणि पुष्कळ गळून पडतात.

परदेशात राहून आपल्या पदवीसाठी शिकण्याची संघटित सुरुवात बहुधा १९२३ ची धरली जाते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. उन्हाळा त्यांनी नान्सी शहरात फ्रेंच पक्कं करण्यात घालवला आणि मग पॅरिसमध्ये वर्षभराचा अभ्यास केला. उन्हाळ्याचे महिने म्हणजे पुढच्या अभ्यासाची पूर्वतयारी होती. नुसत्या त्या महिन्यांवर कुणी परदेशी शिक्षणाचा शिक्का मारला नव्हता. युरोपात १९८७ साली इरास्मस ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना ११ देशांत सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. तिथेही मुक्काम महिन्यांत मोजायचा, आठवड्यांत नाही. इरास्मसने लहान मुक्कामाला दार उघडलं ते २०२१ पासूनच्या टप्प्यात: ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना त्याला जोडून ऑनलाइन भाग सक्तीचा. अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या अशा छोट्या सघन कोर्सला किमान तीन युरोपीय क्रेडिटचं काम असलं पाहिजे, अशीही अट आहे. लहान मुक्काम एकटा उभा राहत नाही, त्याला मागेपुढे टेकू लागतो, हे त्या नियमात मुकाट्याने मान्य केलेलं आहे.

आता तासांचा हिशोब. अमेरिकेतल्या सरकारी व्याख्येनुसार एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम. म्हणजे तीन क्रेडिटच्या कोर्सला ४५ तास वर्ग, ९० तास बाहेरचं काम, एकूण १३५. युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट मोजण्याच्या पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सगळं धरून. सहा क्रेडिट म्हणजे दीडशे ते एकशेऐंशी तास.

हे १३५ तास चार आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला जवळजवळ ३४ तास पडतात. सहा आठवड्यांत साडेबावीस. दोन्ही शक्य आहे, पण मग दिवस भरलेला असतो. आता पुष्कळ माहितीपत्रकांत जे लिहिलेलं असतं ते बघा: पाच आठवड्यांत सहा क्रेडिट. अमेरिकन हिशोबाने म्हणजे २७० तास, आठवड्याला ५४. त्याच पत्रकात पुढच्या पानावर सोमवार ते गुरुवार सकाळी तीन तास वर्ग आणि शुक्रवार ते रविवार मोकळे, असंही छापलेलं असतं. वर्गाचे तास झाले आठवड्याला बारा, पाच आठवड्यांत साठ. उरलेले दोनशेदहा तास कुठून येणार? संग्रहालयाची भेट, बसचा प्रवास, स्वागताचं जेवण, किल्ल्यावरची चक्कर, हे सगळं अनुभवात्मक शिक्षण म्हणून जमेस धरलं जातं. संग्रहालयाची भेट अभ्यास असू शकते. आधी वीस पानं वाचून, तीन वस्तू ठरवून, प्रत्येकीसमोर पंधरा मिनिटं उभं राहून नोंद केली तर ती अभ्यासच आहे. पण गाइडमागून चाळीस मिनिटांत बारा दालनं पार केली, तर ते तास क्रेडिटमध्ये धरता येत नाहीत. विद्यापीठाच्या मंजुरी समितीने खरं तर एकच कागद मागावा: रोजचा तासवार तक्ता, प्रत्येक तासासमोर काम काय आणि त्याचा पुरावा काय. हा कागद मागितल्यावर किती प्रस्ताव परत येतात ते पाहण्यासारखं असतं.

भाषेच्या कोर्सबाबत तर थापांना सुमार नाही. सहा आठवड्यांत अस्खलित, ही जाहिरात वर्षानुवर्षं चालते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या मुत्सद्द्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये कामापुरती तयारी यायला सुमारे सहाशे ते साडेसातशे तास वर्ग लागतात, आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला सुमारे २,२०० तास, असा तिचा अंदाज आहे. उन्हाळी कोर्स आठवड्याला वीस तासांचा धरला तर सहा आठवड्यांत होतात १२० तास. स्पॅनिशच्या वाटेचा जेमतेम पाचवा हिस्सा, जपानीच्या वाटेचा अठरावा. शून्यापासून सुरू करणारा मुलगा एवढ्या तासांत स्वतःची ओळख करून देतो, तिकीट काढतो, घड्याळ सांगतो. मूल्यमापनाच्या युरोपीय पट्टीवर ही सर्वांत खालची ए१ पातळी, फार तर तिच्या वरची ए२ ची पायरी. उलट जो ए२ किंवा त्याच्या वरच्या बी१ पर्यंत घरी शिकून गेला आहे, त्याची जीभ या सहा आठवड्यांत सुटते, कारण शब्द आधीपासून डोक्यात असतात आणि ते वापरायला त्याला भाग पाडलं जातं. पैसे सारखेच, विमान तेच, पण दुसऱ्याच्या पदरात कितीतरी जास्त पडतं. भाषेच्या उन्हाळी कोर्सला प्रवेश देण्यापूर्वी किमान दोन सत्रांची भाषा झालेली असावी, ही अट मला त्यामुळेच अत्यावश्यक वाटते. आयोजकांना ती नको असते, कारण अर्ज निम्मे होतात.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. उन्हाळ्यात भाषा शिकवण्यासाठी सर्वांत नावाजलेल्या जागांपैकी एक परदेशात नाहीच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजने १९१५ साली जर्मनची उन्हाळी शाळा सुरू केली. पुढे इतर भाषा आल्या. तिथे विद्यार्थी लेखी शपथ घेतात की मुक्कामभर शिकत असलेली भाषाच बोलायची, जेवणाच्या टेबलावर, खेळताना, वसतिगृहाच्या जिन्यातसुद्धा. नवशिक्यांचं सत्र सात-आठ आठवड्यांचं. एका लहानशा अमेरिकन गावात हे जमतं आणि माद्रिदच्या भर वस्तीत राहूनही पुष्कळ गटांना जमत नाही, याचं कारण उघड आहे. माद्रिदमध्ये राहणारी मुलं एकमेकांशी स्वतःच्या भाषेत बोलत असतात. भोवती स्पॅनिश आहे, पण ती खिडकीबाहेर.

गट कसा राहतो यावर सारं अवलंबून असतं, आणि मंजुरीच्या कागदांत याच गोष्टीला एक ओळ मिळते. स्थानिक कुटुंबात एका घरी दोन मुलं ठेवली की आयोजकांची निम्मी धावपळ वाचते. पण रात्रीच्या जेवणाला त्या टेबलावर काय होतं? घरची बाई काहीतरी विचारते. दोघांपैकी ज्याची भाषा बरी आहे तो उत्तर देतो आणि दुसऱ्याला आपल्या भाषेत सांगतो. तिसऱ्या दिवसापासून ती बाई पहिल्याकडेच बघून बोलायला लागते. दुसरा पानातलं संपवतो, हसतो, आभार मानतो आणि खोलीत जाऊन फोन उघडतो. सहा आठवडे तो मुका राहतो, आणि त्याचा दोष नसतो. तेच घरी एकटा असता तर पहिल्याच सकाळी गरम पाण्याचा नळ कुठला, हे हातवारे करून का होईना, त्याला विचारावं लागलं असतं. एका घरात एक विद्यार्थी, हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो. वर्गातल्या पन्नास तासांनी जे होत नाही ते त्याने होतं.

दुसरी खाच म्हणजे तीन दिवसांचा आठवडाअखेर. वर्ग गुरुवारी दुपारी संपले की युरोपातली स्वस्त विमानं आणि रात्रीच्या बसगाड्या मुलांना खुणावतात. चार आठवड्यांच्या मुक्कामात मधले तीन आठवडाअखेर येतात. तिन्हीला गट चार वेगळ्या राजधान्यांत पांगलेला असतो. सोमवारी सकाळी निम्मा वर्ग पेंगत असतो. ज्या गावी शिकायला आले ते गाव त्यांनी रविवारी कधी पाहिलेलंच नसतं, आणि गावाचं खरं वागणं रविवारीच दिसतं. उपाय अगदी साधा आहे: शुक्रवारी सकाळी नऊचा वर्ग, हजेरीसह, आणि पहिल्या दोन शनिवारी क्षेत्रकाम. मुलं आठवडाभर कुरकुर करतात, मग रुळतात. आयोजक मात्र कचरतात, कारण नोंदणीच्या वेळी मुलं सर्वांत आधी विचारतात ते शुक्रवार मोकळा आहे का.

आता पुन्हा त्या रिकाम्या आवाराकडे येऊ. उन्हाळी हा शब्दच उत्तर गोलार्धाचा आहे, आणि तोही काही देशांपुरता. जर्मन विद्यापीठांचं उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि व्याख्यानं जुलैच्या मध्यापर्यंत किंवा त्यानंतरही चालतात. जपानमध्ये पहिलं सत्र एप्रिल ते जुलैअखेर. चिली, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया इथे जून-जुलै म्हणजे हिवाळा आणि मोठी सुट्टी डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे जूनमध्ये जर्मनीत किंवा जपानात गेलेल्या मुलाला भरलेली ग्रंथालयं, कँटीनच्या रांगा, परीक्षेच्या काळजीत असलेले समवयस्क भेटू शकतात. ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्राकाठी गेलेल्याला पर्यटक भेटतात. कार्यक्रम आखताना पहिल्यांदा बघायचं ते यजमान विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक. प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिलं जातं ते प्राध्यापक महाशयांची सुट्टी कधी आहे आणि वसतिगृहाच्या खोल्या भाड्याने केव्हा मिळतात. खोल्या मिळतात तेव्हाच, जेव्हा तिथली मुलं घरी गेलेली असतात. गोची इथेच आहे. इंग्लंडमधल्या नामांकित विद्यापीठांच्या कॉलेजांतही सुट्टीत खोल्या आणि वर्ग बाहेरच्या संस्थांना भाड्याने दिले जातात. तिथे राहिलेला विद्यार्थी त्या विद्यापीठाचा विद्यार्थी होत नाही आणि प्रमाणपत्रही विद्यापीठाचं नसतं. अर्ज करताना विचारायचा प्रश्न असा: ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, कोणाच्या नावाने निघणार?

काही विषयांना मात्र उन्हाळा हाच खरा हंगाम असतो आणि तिथे हे सगळे आक्षेप गळून पडतात. पुरातत्त्वाची उत्खनन-शाळा घ्या. भूमध्य प्रदेशात उत्खनन उन्हाळ्यात चालतं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून मुलं पहाटे साडेचार-पाचला उठतात, उजाडताना खड्ड्यावर असतात आणि दुपारी एकच्या सुमाराला हत्यारं खाली ठेवतात. हातात ट्रॉवेल म्हणजे छोटी थापी, जवळ बादली आणि चाळणी. मातीचा रंग अंदाजाने तपकिरी असा लिहून चालत नाही. रंगांच्या छापील तक्त्याशी ओली माती ताडून त्याचा क्रमांक नोंदवायचा. थर बदलला की नवा क्रमांक, नवा नोंदतक्ता, नवी बादली, आणि प्रत्येक बादलीत त्या थराची चिठ्ठी. नवखा मुलगा इथेच चुकतो. चाळायला नेताना चिठ्ठी पडते किंवा दोन बादल्या एकात ओतल्या जातात, आणि सकाळभर खणलेली खापरं कुठल्या थरातली ते सांगता येईनासं होतं. खापरं हातात असतात, पण पुरावा गेलेला असतो. दुपारी दात घासायच्या ब्रशने तीच खापरं धुवायची, वाळवायची, क्रमांकासह पिशवीत भरायची. रोज सात तास खड्ड्यात आणि दोन तास धुलाई-नोंदणीत, आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे: २२५ तास होतात. इथे कुणी अमेरिकन हिशोबाने पाच क्रेडिट मागितली तर देताना हात आखडायचं कारण नाही. वर्गात बसून हे शिकता येत नाही, आणि दुसऱ्या गावी जाऊनही नेमकं हेच शिकता येत नाही.

समुद्री जीवशास्त्र, भूशास्त्राचं नकाशाकाम, वास्तुकलेतलं मोजमाप-आरेखन, एखाद्या अभिलेखागारातली कागदपत्रं, नगररचना, सार्वजनिक आरोग्याचं क्षेत्रकाम, हे त्याच जातीचे विषय. विपणनाची मूलतत्त्वं किंवा जागतिक नेतृत्व या नावाचे कोर्स मात्र बार्सिलोनात शिकवले काय नि घरी शिकवले काय, पाठ्यपुस्तक तेच असतं. विषयाला जागेची गरज आहे का, हा प्रश्न मंजुरीच्या अर्जात पहिला हवा.

पैशाची बाजू मुलांना सर्वांत कमी समजावून सांगितली जाते. कार्यक्रमाच्या फीमध्ये शिकवणी, राहणं, स्थानिक प्रवास, विमा, कार्यालयीन खर्च असतोच; शिवाय सोबत जाणाऱ्या प्राध्यापकाचं विमान, निवास आणि मानधन मुलांमध्ये वाटलेलं असतं. समजा हा खर्च ६,००० युरो आहे. बारा मुलं असतील तर डोई ५००, आठच आली तर ७५०. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला किमान संख्येचा उंबरठा असतो आणि तो गाठेपर्यंत कार्यक्रम नक्की होत नाही. संख्या भरावी म्हणून प्रवेशाची अट सैल होते. आधी म्हटलेली भाषेची अट याच ठिकाणी गळते.

मध्यस्थ संस्थांचाही प्रश्न आहे. २००७ साली न्यूयॉर्कचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी परदेशी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्था आणि विद्यापीठं यांच्यातल्या व्यवहारांची चौकशी सुरू केली. विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांना फुकट प्रवास, नोंदणीमागे सूट किंवा कमिशन मिळतं का, आणि त्यापायी मुलांचे पर्याय आखडतात का, हा चौकशीचा रोख होता. तेव्हापासून आचारसंहिता आल्या, पण विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न बदललेला नाही: या संस्थेकडून माझ्या कॉलेजला काय मिळतं?

आणि फीच्या तक्त्यात कधीच न येणारा खर्च म्हणजे बुडालेली कमाई. सुट्टीत काम करून पुढच्या वर्षाची फी जमवणाऱ्या मुलाला हा कार्यक्रम दुप्पट महाग पडतो. शिष्यवृत्तीने विमानाचं तिकीट निघतं, पण दोन महिन्यांचा पगार निघत नाही. अमेरिकेने २००० साली कायदा करून सुरू केलेली गिलमन शिष्यवृत्ती फक्त सरकारी गरजू-अनुदान घेणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी ठेवली आहे आणि ती साधारणपणे ५,००० डॉलरपर्यंत मिळते. दिशा योग्य आहे. सार्वजनिक पैसा घालायचा तर तो असाच गरजेवर बांधलेला असावा, आणि त्यात बुडालेल्या मजुरीचा हिस्सा उघडपणे धरावा. सरसकट प्रत्येकाला थोडी थोडी सवलत दिली, तर जो तसाही गेला असता त्याचंच तिकीट स्वस्त होतं.

या कार्यक्रमांच्या बाजूने असलेला सर्वांत वजनदार मुद्दाही गरजेचाच आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. पूर्ण सत्र बाहेर राहणं अनेकांना अशक्य असतं. अभियांत्रिकीच्या किंवा परिचर्येच्या मुलांचे विषय साखळीने बांधलेले असतात, एक सत्र चुकलं की वर्ष जातं. कुणाला घरची जबाबदारी असते, कुणी खेळाडू असतं. यांच्यासाठी उन्हाळ्याचे सहा आठवडे हीच एकमेव खिडकी. म्हणून तर ती खिडकी धड असली पाहिजे. ज्यांना दुसरी संधी नाही त्यांच्या माथी सहलीला अभ्यास म्हणून मारणं हा अन्याय आहे. सधन मुलगा पुढच्या वर्षी सत्रभरासाठी पुन्हा जाईल, त्याचं काही बिघडत नाही. दृष्टी रुंदावते, आत्मविश्वास येतो, हेही मला मान्य आहे. तो प्रवासाचा गुण आहे आणि प्रवासाला गुणपत्रिका लागत नाही.

कागदपत्रांकडे लोक कारकुनी काम म्हणून बघतात, पण कार्यक्रमाचा दर्जा तिथेच उघडा पडतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर छंदापुरता लहान कोर्स चालतो, पण पदवीसाठी क्रेडिट मिळणार असेल तर तो चालत नाही. विद्यार्थी व्हिसा लागतो. क्रेडिट आहे की नाही यावर व्हिसाचा प्रकारच बदलतो, आणि हे मुलांना बऱ्याचदा मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात कळतं. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं; कोर्सनंतर भटकायचे दिवसही त्यातच मोजले जातात. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करायचा, निर्णयाला एरवी १५ दिवस, कधी ४५ पर्यंत, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा असावा.

आता हा हिशोब किमान संख्येच्या उंबरठ्याशी जोडून बघा. कोर्स १० जूनला सुरू होतो. संख्या भरेना म्हणून आयोजक एप्रिलअखेरपर्यंत नक्की सांगत नाहीत. प्रवेशपत्र मेच्या पहिल्या आठवड्यात येतं. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुरा होत नाही, आणि मेमध्ये भेटीच्या वेळा पर्यटकांनी भरलेल्या असतात. विमानाचं तिकीट मात्र आधी काढून ठेवलेलं, कारण उशिरा महाग पडलं असतं. मुलगा कोर्सच्या पाचव्या दिवशी पोहोचतो आणि चार आठवड्यांच्या कोर्सचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेलेला असतो. दोष व्हिसा कार्यालयाला दिला जातो. खरी चूक फेब्रुवारीतली असते: मार्चच्या मध्यापर्यंत प्रवेशपत्र देता येत नसेल तर कार्यक्रम रद्द करून पैसे परत करायचे, असं लेखी बंधन आयोजकावर नसतं.

औषधांचा मुद्दा छोटा आहे, पण अंगाशी येणारा. अॅम्फेटामाइन असलेली एकाग्रतेची औषधं जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. विमा घेताना मानसिक आरोग्य आणि आधीपासूनचे आजार त्यात आहेत का, हे पॉलिसीच्या अपवादांच्या पानावर वाचायचं. पहिल्या पानावर ते लिहिलेलं नसतं. आणि एकट्या प्राध्यापकाच्या भरवशावर पंधरा मुलं पाठवू नयेत. एक मुलगी रात्री दोनला रुग्णालयात असेल तर सकाळी नऊचा वर्ग कोण घेणार?

क्रेडिट परत आणण्याची वाट वेगळीच. जाण्यापूर्वी विभागप्रमुखाची सही असलेला करार हवा, त्यात यजमान कोर्सचं नाव, तास, मूल्यमापनाची पद्धत आणि तो आपल्या कुठल्या विषयाऐवजी धरला जाईल हे स्पष्ट लिहिलेलं असावं. निवडीचा विषय म्हणून धरू, असं मोघम लिहून दिलं तर परत आल्यावर ती क्रेडिट पदवीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत आणि मुलगा तोच विषय पुन्हा घेतो. कोर्स तिथे ऐनवेळी बदलला तर चोवीस तासांत मेल करून नवी मंजुरी घ्यायची आणि ती जपून ठेवायची. अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत, दिलेले निबंध, परीक्षेचे प्रश्न, सगळं सोबत आणायचं, कारण ट्रान्सक्रिप्ट यायला कधी कधी दोन-तीन महिने जातात आणि तोवर घरच्या सत्राची नोंदणी संपलेली असते.

मंजुरी समितीच्या हातात अजून एक गोष्ट आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. गुण तिथल्या शेवटच्या दिवशी, निरोपाच्या जेवणाआधी घाईने देऊ नयेत. परत आल्यावर तीन आठवड्यांनी शेवटचा निबंध किंवा अहवाल मागावा, तिथे घेतलेल्या नोंदवहीसकट, आणि तो सोबत न गेलेल्या दुसऱ्या प्राध्यापकाने तपासावा. नोंदवहीत तारीख, जागा, वेळ आणि कोणाशी काय बोलणं झालं ते असतं किंवा नसतं. पानं चाळायला दहा मिनिटं पुरतात.